अनशापोटी चहा

मार्च संपत आला होता. पडेगावचा माळ उन्हानं भाजून निघत होता, आणि माझी आई भरदुपारी घरात घोंगडं पांघरून बसली होती. मी पुंडलिकनगरहून स्कूटीवर आले होते. हेल्मेट काढलं तर केसांतून घाम निथळत होता. आणि ही बाई मला म्हणते, "दार लोटून घे गं, वारं लागतंय."

कसलं वारं? बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं.

मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार. हात गार, कातडी कोरडी, चेहरा सुजल्यासारखा. "ताप नाय न् काय नाय," ती म्हणाली. "म्हातारपण हाय." आवाज घोगरा आणि जाड. गेले दोन-तीन महिने फोनवर हाच आवाज ऐकत होते आणि दर वेळी विचारत होते, सर्दी झालीय का? ती म्हणायची, झाली असंल.

हा आवाज म्हणजे आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. वडिलांनी एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली तेव्हा मेंढरं गेली, पण आईनं शेळ्या सोडल्या नाहीत. वडील गेल्यावर तर शेळ्या हाच तिचा संसार झाला. काळ्याभोर शेळ्या, त्यांची करडं आणि एक मस्तवाल बोकड. सकाळी धारा काढायच्या, कळप मागच्या डोंगराकडं न्यायचा आणि दिवस कलला की परत आणायचा. तिथं उभं राहून तिनं "हुर्रऽऽ याऽऽ" अशी हाळी दिली की डोंगरभर पांगलेल्या शेळ्या माना वर करायच्या, चरणं सोडून तिच्याकडं निघायच्या. लहानपणी मी आणि दादाही त्याच हाळीला जेवायला घरी पळत यायचो. आम्हाला वेगळी हाक मारायची गरज तिला कधी वाटली नाही.

त्याच महिन्यात एक प्रकार घडून गेला होता. आई डोंगरावर झाडाखाली टेकली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. शेळ्या उतरत उतरत थेट दौलताबादच्या रस्त्यावर गेल्या. एका बसनं करकचून ब्रेक मारला, एका करडाच्या पायाला लागलं, लोक जमले. आईला जाग आली, तिनं वरून हाळी दिली, पण आवाज घशातच राहिला. एकही शेळी वळली नाही. शेवटी रस्त्यावरच्या पोरांनी हाकलत आणल्या.

दादानं ते फार मनाला लावून घेतलं. तो माझा थोरला भाऊ, आईजवळ पडेगावलाच राहतो, वाळूजला एका कंपनीत मशीनवर असतो. मुळात प्रेमळ, पण एकदा काळजी वाटली की त्याचा सूर भांडल्यासारखा होतो. "आज करडू होतं, उद्या आईच गाडीखाली आली म्हंजे?" तो मला म्हणाला. "विकून टाकायच्या शेळ्या. लई झालं."

त्याच दुपारची ही गोष्ट, आई शेजारीच बसली होती. मला वाटलं, आता फुटतोय फटाका. कारण आमच्या बोकडाला कुणी काठी उगारली तरी ही बाई त्याच्या सात पिढ्या काढायची. पण ती घोंगडं आवळून घेत एवढंच म्हणाली, "न्या."

त्या एका शब्दानं मी घाबरले. ती भांडली असती तर मी निवांत घरी गेले असते.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अकरावीला दरवर्षी तंतुकणिका येतात. इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया. पोरं घोकतात, तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाघर. मला त्या वाक्याची चीड आहे. विचारावं, ऊर्जाघर म्हणजे काय रे? की वर्ग पंख्याकडं बघतो. मग मी चिडते, मग फळ्यावर चित्र काढते, मग माझाच राग निवतो, कारण तो विषय मला मनापासून आवडतो. घरी मला सगळे 'मास्तरीण' म्हणतात, आणि मी समजावायला लागले की दादा हळूच उठून बाहेर जातो.

पण त्या दुपारी आईकडं बघताना माझ्या डोक्यात तो धडाच उघडला. उन्हाळ्यात थंडी. बसल्या जागी झोप. जाड आवाज. आणि तो मेलेला 'न्या'. हे म्हातारपण नव्हे, म्हटलं. म्हातारपण असं दोन-तीन महिन्यांत येत नाही. दुसऱ्याच दिवशी आईला शहरात डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी रक्त तपासायला दिलं, आणि निघालं तेच. थायरॉईड. गळ्यातली ग्रंथी सुस्तावली होती.

रिपोर्टात टीएसएच नावाची गोष्ट पार वर गेली होती. दादाला ते काही केल्या पटेना. "वाढलंय म्हणतात, मग कमी पडलंय कसं?" मी म्हटलं, अरे, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती गळ्यातल्या ग्रंथीला हाक मारते, ऊठ, कामाला लाग. ती हाक म्हणजे टीएसएच. गळ्यातली उठत नाही म्हटल्यावर वरची आवाज चढवते. वाढलेला टीएसएच म्हणजे वरची बोंबलतेय आणि खालची ढिम्म. दादा या वेळी उठून गेला नाही. म्हणाला, "म्हंजे शेळ्यांसारखंच झालं की."

डॉक्टरीणबाईंनी छोटीशी गोळी दिली आणि आईला नीट समजावलं. "आजी, रोज सकाळी उठल्यावर अनशापोटी घ्यायची. नंतर तासभर काही खायचं नाही."

"व्हय," आई म्हणाली.

घरी आल्यावर तिनं ती गोळी तळहातावर घेऊन पाहिली. "एवढीशी? हिच्यानं काय व्हतंय?"

मला तर असा प्रश्न विचारणारा माणूस हवाच असतो. मी तिला सांगितलं, तुझं अंग बारीक बारीक पेशींचं बनलंय, आणि एकेका पेशीत शेकड्यांनी चुली आहेत. आपण भाकरी खातो, श्वास घेतो, ते सगळं शेवटी त्या चुलींपाशी जातं. तिथं अन्नाचं सत्त्व हळूहळू जळतं, त्यातून ताकद निघते आणि ऊबही निघते. चालायला, बोलायला, विचार करायला, सगळ्याला तीच ताकद.

"एवढ्या चुली," आई म्हणाली, "आन् एक बी पेटंना?"

"पेटल्यात गं. पण मंद झाल्यात. गळ्यातली ग्रंथी एक रस सोडते, तो सांगतो आच किती ठेवायची. तुझा तो रस कमी पडलाय. ही गोळी म्हणजे तोच रस."

"मग घेतली की लगीच ऊब यील का?"

इथं मला खरं सांगणं भाग होतं. नाही येणार. तो रस पेशीत शिरतो, तिच्या गाभ्यात जाऊन बसतो आणि तिथून हुकूम सोडतो, की नव्या चुली बांधा, जुन्यांना नवं सामान द्या. थोडा थेट चुलींवरही काम करतो म्हणतात. पण बांधकाम म्हटलं की वेळ लागणारच. पंधरा-वीस दिवसांनी जरा बरं वाटायला लागेल, आणि पुरता फरक पडायला त्याहून जास्त.

"आधी बांधायच्या, मग पेटवायच्या," आई म्हणाली. तिला ते पटलं. मग तिनं विचारलं, "तुह्या अंगात बी हायत का गं ह्या चुली?"

"आहेत की. आणि त्या तूच दिल्यास. तंतुकणिका फक्त आईकडून येतात. दादाच्या अंगात आहेत त्याही तुझ्याच."

"आन् तुमच्या बापानं काय दिलं?"

"बाकीचं निम्मं निम्मं. पण ह्यात त्यांचं काही नाही."

त्या सुजल्यासारख्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी हसू आलं. "मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली.

मग मी रोज सकाळी कॉलेजला निघायच्या आधी फोन करायला लागले. गोळी घेतली का? घेतली. अनशापोटी? व्हय गं बाई, अनशापोटीच. तासभर काही खाल्लं नाहीस ना? नाय खाल्लं. कसं वाटतंय? ह्या शेवटच्या प्रश्नाला मात्र ती फोन वहिनीच्या, म्हणजे दादाच्या बायकोच्या, हातात द्यायची. एप्रिल गेला. घोंगडं काही उतरलं नाही. शेळ्यांना आता वहिनीच बांधावरनं फिरवून आणायची, आणि तीही कावली होती, कारण शेळ्या तिला जुमानत नव्हत्या. बोकडानं तर तिला एकदा धुळीत लोळवलं.

मेच्या मध्यावर पुन्हा रक्त तपासलं. आकडा होता तिथंच. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "गोळी रोज घेता ना, आजी? अनशापोटी?" आई दुखावल्यासारखी म्हणाली, "घेते की. एक दिस चुकवली नाय." आणि ते खरंही होतं. गोळ्यांची पाकिटं रिकामी होत होती. मग त्यांनी गोळीचा डोस वाढवला.

परतताना रिक्षात दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी बोलून ठिवलंय. व्यापारी आखाडात येतो म्हणला."

आखाडात म्हणजे श्रावण लागायच्या आधी. त्या महिन्यात आमच्याकडं घरोघरी मटणाची पातेली चढतात, शेळ्या-बोकडांना मागणी असते. दुभत्या शेळ्या चांगल्या घरी देतो असा शब्द त्या व्यापाऱ्यानं दिला होता. बोकडाचं काय होणार ते कुणी विचारलं नाही. आई दोघांच्या मध्ये बसली होती आणि लष्कराच्या छावणीतली झाडं मागं जाताना बघत होती. मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण दादाचे डोळे लाल झालेले दिसले. "औषधानं बी फरक नाय," तो म्हणाला. "मग काय करू मी? सांग की." मला फक्त एवढं कळत होतं की त्या शेळ्या गेल्या तर आई पुन्हा त्या घोंगड्यातून बाहेर येणार नाही.

कॉलेजला सुट्ट्या होत्या. मी नवऱ्याला सांगितलं, तुमचा स्वयंपाक तुम्ही बघा, आणि पिशवी भरून पडेगावला राहायला गेले.

पहिल्याच सकाळी सगळा उलगडा झाला. उजाडत होतं. आई हळूहळू उठली, तोंड धुतलं, चुळा भरल्या, पण पाणी प्यायली नाही. लिंबाखाली आमचा बिरोबा आहे, शेंदूर लावलेला दगड. आईचा लग्नापासूनचा नेम असा, की पहिली धार काढायची, त्या दुधाचे चार थेंब देवाला घालायचे, आणि तोवर तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा नाही. देवाच्या आधी आपण कसं प्यायचं? तिनं चांदव्या शेळीची धार काढली. सगळ्या शेळ्यांत ती एकटीच कपाळावर पांढरा ठिपका असलेली, आईची लाडकी. देवाला थेंब घातले. त्याच कोमट दुधाचा दाट चहा केला, बशीत ओतला. मग कनवटीची पुडी सोडली, गोळी जिभेवर ठेवली आणि चहाच्या घोटासरशी गिळली.

मी ओरडलेच. "आई! हे काय करतेस?"

तिच्या हातातली बशी हिंदकळली. "काय झालं? गोळी घेते की."

"चहाबरोबर? दुधाच्या चहाबरोबर? अनशापोटी घ्यायचीय ना?"

"अनशापोटीच घेतली! काय खाल्लंय का मी सकाळधरनं? इचार तुह्या वहिनीला." आता तिलाही राग आला होता. "चहा म्हंजे काय जेवान असतंय व्हय?"

दादा ब्रश तोंडात धरून बाहेर आला. "बरोबर हाय तिचं," तो फेसातून म्हणाला. "चहाला कुणी खाणं म्हणतंय का?"

आणि खरंच, कोण म्हणतं? आमच्याकडं निर्जळी सोडून बाकीच्या एकादश्यांना सगळ्या बायका चार चार वेळा चहा पितात आणि संध्याकाळी सांगतात, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. पाहुणा 'काही नको' म्हणतो त्यात चहा धरलेला नसतो. मी स्वतः रिकाम्या पोटी कॉलेजला गेले असं सांगते तेव्हा दोन कप झालेले असतात. डॉक्टरीणबाईंनी खाऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि आईनं इमानेइतबारे काहीही खाल्लं नव्हतं. दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला धरून बसतं, चहाही आडवा येतो, आणि ती आतड्यातून पुरती रक्तात शिरतच नाही. इतके दिवस तिच्या चुलींपर्यंत निरोपच पोचला नव्हता. मी हे सांगत असताना हसत होते आणि डोळेही पुसत होते. मला इतका आनंद झाला होता की मी त्या चांदव्या शेळीचा मुका घेतला. वहिनी म्हणाली, मास्तरीणबाईंना ऊन लागलं.

पण अडचण संपली नव्हती. "उद्यापासून उठल्यावर पाण्याबरोबर गोळी, आणि तासाभरानं चहा," मी म्हटलं.

"पाण्यासंगं? देवाच्या आधी?" आईनं बशी खाली ठेवली. "ते नाय जमायचं."

मी समजावून पाहिलं. देव रागावत नाही गं, औषध आहे ते. ती मान हलवत राहिली. दादा म्हणाला, रात्री घे मग. पण रात्री जेवून तिला लगेच झोप येते, आणि झोपताना कपभर दूध लागतं. मी म्हटलं, धारच आणखी लवकर काढ, देवाला दे, मग पाण्याबरोबर गोळी घे, चहा नंतर. तर म्हणे, दूध काढून ठेवलं आणि तासभर चहा केला नाही तर जीव राहील का माझा त्या दुधापाशी? ह्या उत्तरातला प्रामाणिकपणा मला आवडला, पण रागही आला. मी तणतणत गोठा झाडायला गेले. आई दिवसभर लिंबाखाली बसून राहिली, दगडाकडं बघत. दोघांचं काहीतरी चाललं असावं.

दुसऱ्या दिवशी तांबड्या प्रकाशात मला जाग आली ती तिच्या बोलण्यानं. ती तांब्या घेऊन बिरोबापुढं उभी होती. तिनं पाण्याचे चार थेंब दगडावर घातले आणि त्याच घोगऱ्या आवाजात देवाला बजावलं, "आधी पाणी पी. दूध मागनं देते, तासाभरानं. ध्यान ठिव, आता रोजचं असंच. पोरगी मास्तरीण हाय, ऐकत नाय." मग गोळी तोंडात टाकली आणि त्याच तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली.

मी अंथरुणात पडल्या पडल्या तोंडावर चादर ओढून हसले. लग्नापासूनचा नेम तिनं मोडला नव्हता, देवाचाच वेळ बदलून टाकला होता. मला तिचा फार अभिमान वाटला.

डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, आता मी पेशंटला 'चहासुद्धा नाही' असं वेगळं सांगत जाईन. मग गंभीर होऊन म्हणाल्या, वाढवलेला डोस आता जास्त होईल, छाती धडधडेल, आधीचीच गोळी सुरू करा. तसं केलं.

तो चहाविना एक तास मात्र सगळ्यांना जड गेला. पहिले काही दिवस शेळ्या धारेच्या वेळेला बेंबाटून वस्ती डोक्यावर घ्यायच्या. आई अंगणात येरझाऱ्या घालत दर थोड्या वेळानं विचारायची, "झाला का गं तास?" पण हळूहळू शेळ्यांनाही नवा वेळ कळला. आईनं तो तास झाडलोटीला लावला. मी तिच्याबरोबर पाला मोडायचे, करडांच्या गळ्यातल्या दोऱ्या बदलायचे. लहानपणी हेच करताना मला कंटाळा यायचा. आता वाटत होतं, सुट्टी संपूच नये.

फरक दिसला तो सावकाश. एका सकाळी पाहिलं, घोंगडं दोरीवर वाळत होतं. आईनं ते धुतलं होतं आणि परत घेतलं नव्हतं. मग तिच्या चेहऱ्याची सूज उतरली, गालाची हाडं परत दिसायला लागली. एक दिवस ती वहिनीला म्हणाली, भाजीत मीठ नाय. वहिनी सासूला आत्या म्हणते; तिनं आनंदानं मला आत बोलावून सांगितलं, आत्या मला बोलल्या! कॉलेज सुरू झालं आणि मी पुंडलिकनगरला परत आले, तरी रविवारी जात राहिले. जूनच्या शेवटी रक्त तपासलं तर आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. आई कळपाबरोबर डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायला लागली होती, वहिनी सोबत असायची. दादा खूश होता. पण व्यापाऱ्याला त्यानं नाही म्हटलं नव्हतं.

"तिचा आवाज अजून तसाच हाय," तो मला म्हणाला. "शेळ्या पांगल्या तर वळवणार कशी? तुह्या वहिनीला रोज कामं सोडून जाता येतंय का?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आवाज सगळ्यात शेवटी सुधारेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. सुधारेल की नाही हेही कुणी छातीठोक सांगत नव्हतं. आईला व्यापाऱ्याचा दिवस सांगितला तेव्हा ती ह्या वेळी 'न्या' म्हणाली नाही. कोयत्याला धार लावत बसली.

तो रविवार आला. आई रडेल, तू असलेली बरी, म्हणून दादानं मला बोलावून घेतलं होतं. मी पोचले तेव्हा फाटकाशी टेम्पो उभा होता. व्यापारी खाटेवर बसला होता, पांढरा लेंगा, खांद्यावर रुमाल, बोलायला मऊ. दादा त्याच्यासमोर उभा, चेहरा पडलेला. गोठा रिकामा होता. लेंड्या सोडल्या तर तिथं काही नव्हतं.

"आत्या कवाच गेल्या," वहिनी दारातून म्हणाली. "उठल्या, देवाला पाणी घातलं, गोळी घेतली. धारा काढल्या, चहा पेल्या. मी म्हणलं थांबा, मी येते. म्हणल्या, तू पाहुण्याचं बघ."

"एकटीच?" दादा वैतागला. "काल सांगितलं व्हतं तिला, आज थांब म्हणून!"

आम्ही अंगणातून डोंगराकडं पाहिलं. पाऊस होऊन गेल्यामुळं उतार हिरवा झाला होता, आणि त्यावर खूप वर, ती पूर्वी जायची तिथवर, काळे ठिपके पांगलेले होते. काही थेट पलीकडच्या बाजूला, रस्त्याकडं उतरायला लागले होते. आई कुठं दिसत नव्हती. दादानं खिशातून गाडीची किल्ली काढली. म्हटलं, झोपली की काय परत.

आणि वरून हाळी आली.

"हुर्रऽऽऽ याऽऽऽऽ!"

स्वच्छ. लांब. शेवटाला थोडी चिरकलेली, पण तीच. ते काळे ठिपके जागच्या जागी थांबले. मग रस्त्याकडचे वळले, आणि सगळे मिळून वर एका दगडाकडं निघाले. त्या दगडावर आता हिरवं लुगडं दिसत होतं. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

दादानं किल्ली परत खिशात टाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हाळी आल्याबरोबर आम्ही दोघंही, ह्या वयात, फाटकाच्या दिशेनं चार पावलं चालून गेलो होतो. जेवायला बोलावल्यासारखे.

व्यापारीही उठून डोंगराकडं बघत होता. तो म्हणाला, "मग मला कशाला बोलावलंत, भाऊ?"

दादानं बाहीनं नाक पुसलं. "चहाला," तो म्हणाला.